धुलाईची वही

समितीनं विचारलं : नाव, हुद्दा, किती वर्षं?
सांगितलं. एकवीस वर्षं. फुटबॉल संघाचे कपडे धुतो.
तळघरात तीन मशिनं, दोन ड्रायर
आणि एक वही, माझ्या अक्षरातली.

बाकीचे आठवणीतून बोलले.
मी वहीतून वाचलं.

ऑगस्टचा दुसरा आठवडा, सरावाचं शिबिर.
मैदानावरच्या पांढऱ्या रेघा अजून ओल्या,
आणि नवी पोरं बसमधून उतरलेली,
आयांनी इस्त्री करून दिलेल्या शर्टांत.
त्यांत एकसष्ट नंबर, कॉर्बिन यूस्टस,
आयोवातल्या कुठल्याशा मक्याच्या गावचा.
खांदे दारात मावत नव्हते, आवाज मात्र
कुणाच्या तरी घरी पाहुणा असल्यासारखा.
मोजे सरळ करून टाकत जा म्हटलं, तर म्हणाला
“सॉरी, सर.”
मला. सर.

गुरुवार. टॉवेल गेले ऐंशी, परत आले सत्त्याहत्तर.
शुक्रवार. चिकटपट्टीचे बारा रोल मागवले.
दुखापत एकही नाही. चिठ्ठीवर कोचची सही.
शनिवार. एकसष्टची जर्सी,
पाठीवर गोंद, गोंदात केस,
आणि खाली, शिवणीजवळ, जे होतं ते मी
थंड पाण्यात भिजवलं.
गरम पाण्यानं रक्त पक्कं बसतं.
आईनं शिकवलेलं, वेगळ्याच कामासाठी.

लॉकर रूमच्या बरोब्बर वर कोचची केबिन.
हवेची नळी एकच.
ते फोनवर बायकोला “येताना दूध आणतो” म्हणतात
ते मला खाली ऐकू येतं.
एवढंच म्हणालो.
त्यांच्या वकिलानं हरकत घेतली.

कोच रॅटिगन म्हणाले, मला कल्पना नव्हती.
म्हणाले, ही सगळी माझी लेकरं.
म्हणाले, परंपरा असते, पोरंच पोरांना घडवतात.
दीडशे डावपेच ज्यांना तोंडपाठ,
कुठला गडी आधी कुठल्या पायावर भार टाकतो
हे जे झोपेतही सांगतील,
न्याहारीला कुणी किती अंडी खाल्ली
याचा तक्ता ज्यांच्या भिंतीवर,
त्यांना तेवढी एकच गोष्ट ठाऊक नव्हती.
बाहेर पडले ते धुतल्या तांदळासारखे.
धुण्यातलं मला थोडं कळतं.
तांदूळ धुतल्यावर पाणी गढूळ होतं,
आणि ते कुठंतरी ओतावं लागतं.

मग अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
“आणि तुम्ही? तुम्ही कुणाला सांगितलंत?”

मी पानं उलटली.
उगाच. त्या प्रश्नाचं पान नव्हतंच.

पेन्शन चार वर्षांवर आली होती.
हे खरं आहे, आणि हे उत्तर नाही.
डाग काढणं माझं काम. मी काढला.
इतका चोख, की पुढे पुरावा म्हणून जर्सी नेली
तेव्हा तपासणाऱ्याला सापडला
फक्त साबणाचा वास.

पोरगा सप्टेंबरातच गेला,
रात्रीच्या बसनं, हेल्मेट बाकावर ठेवून.
कोचना दोन सामन्यांची रजा, पगारी.
तिसऱ्या सामन्याला स्टेडियम उभं राहिलं त्यांच्यासाठी;
तळघरात छताची धूळ माझ्या घड्यांवर पडली
आणि मला ऐंशीच्या ऐंशी टॉवेल पुन्हा धुवावे लागले.

आज पुन्हा ऑगस्ट.
वहीत मी एक रकाना वाढवलाय, नाव दिलं नाही त्याला.
रात्री नऊ चाळीस : चौऱ्याहत्तर नंबर, डावी बाही, गोंद.
जर्सी पाण्यात घातली नाही.
तशीच हातात घेऊन निघालो.

वर जायला बावीस पायऱ्या आहेत.
एकवीस वर्षांत कधी मोजल्या नव्हत्या.